बांधावरचं गाऱ्हाणं

आमचे हे गेले त्या दिवसापासून माझ्या घरात देवापुढे दिवा लागला नव्हता. चार वर्षं. ओळखीचे लोक मला मोठी देवभक्त समजत, म्हणून हे कधी कुणाला सांगितलं नाही. यांच्या आजारपणात मी जे जे करता येईल ते केलं होतं. उपास केले, पारायणं केली, नवस बोलले. हे गेले ते गेलेच. तेराव्यानंतर मी देवघराचा पडदा ओढून घेतला. भांडण असं नव्हतं. भांडायलाही समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं. मला ते वाटेनासं झालं होतं.

लोणावळ्यात तुंगार्लीला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. आजूबाजूला बंगले. शनिवार-रविवारी गल्लीत गाड्या मावत नाहीत, गाण्यांचा गोंगाट असतो, आणि सोमवारी सकाळी सगळं बंद होतं. पाच दिवस कुलपं आणि राखणदार. मला मूलबाळ नाही. एकतीस वर्षं रेल्वेच्या तिकीट खिडकीत बसले. दिवसाला शेकडो माणसं समोर यायची, पण मध्ये काच असायची, आणि तेच मला बरं वाटायचं. कुणाचं काही घ्यायचं नाही, कुणाला काही मागायचं नाही, हा माझा बाणा. दिरांचा मुलगा बंगळूरला असतो. दर रविवारी त्याचा फोन येई. "काकू, कशी आहेस?" मी म्हणे, "मजेत." तो म्हणे, "एकटी नको राहूस, इकडे ये, नाहीतर पुण्यात एखादं चांगलं ठिकाण बघतो." मी विषय बदले.

हे असतानाच, सात वर्षांपूर्वी, माझा उजवा खुबा बदलला होता. तो छान चालला. पण यंदा होळीनंतर मांडी दुखायला लागली. खुर्चीतून उठताना आणि पहिली चार-पाच पावलं टाकताना आत खोलवर कळ यायची, मग चालता चालता कमी व्हायची. मी ते कुणालाही सांगितलं नाही. डॉक्टरकडे गेले नाही. सांगितलं असतं तर पुतण्या दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला असता आणि हे घर सुटलं असतं. मी काठी घेतली, आणि कुणी विचारलं तर वयाकडे बोट दाखवलं.

औंढ्याच्या शिवारात, भातखाचरांच्या पलीकडे, एका उंचवट्यावर देवीचं लहानसं ठाणं आहे. पत्र्याचं छप्पर, शेंदूर लावलेला अनघड दगडाचा तांदळा, वर भगवं निशाण. लग्नानंतर पहिल्या वर्षापासून आम्ही दोघं भाताची कापणी उरकली की तिथे जात असू. नव्या तांदळाची मूठ वाहायची, नारळ फोडायचा, बांधावर बसून डबा खायचा. हे गेल्यावर मी तिकडे फिरकले नव्हते. यंदा मार्गशीर्षात एका सकाळी उठले, पहिल्या पावलाला ती कळ आली, आणि मनात आलं, आज जायचं. भक्तीने नव्हे. मला तिला विचारायचं होतं, माझं काय चुकलं म्हणून.

रिक्षाने औंढ्यात उतरले. रिक्षावाला म्हणाला, "थांबू का, मावशी?" मी म्हटलं, "नको, फोन करीन." इतक्या सवयीने म्हटलं की त्याचं वाक्य पुरतं ऐकलंही नसेल. खाचरं कापून रिकामी झाली होती, नुसती धसकटं उभी होती. बांध अरुंद, पण पायाखालचा. ठाण्याचं निशाण दिसायला लागलं आणि तेवढ्यात काठीचं टोक खेकड्याच्या बिळात गेलं. काठी आत गेली, मी उजवीकडे वळले, आणि खाली पडायच्या आधीच मांडीत आवाज झाला. ओली फांदी पिरगाळून मोडावी तसा. मी खाचरात कुशीवर पडले. उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला असं वळलं होतं की ते माझं आहे हे पटेना.

अकरा वाजून गेले असतील. पिशवीतून फोन काढला, पण तिथे रेंज नव्हती. हाका मारल्या. कापणी झालेल्या शिवारात कोण असणार? ऊन चढत गेलं. जरा हलले तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. तोंडापाशी माती, गवताचा वास, मुंग्या. मान वळवली की ते निशाण दिसायचं, शंभर-दीडशे पावलांवर, वाऱ्यावर अगदी मजेत फडफडत होतं. मला त्याचा फार राग आला. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे यायला निघाले, तर दर्शनसुद्धा नाही. मग मी मोठ्याने बोलायला लागले. कोण ऐकतंय तिथे! काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. यांच्याबद्दल बोलले. बंद बंगल्यांबद्दल बोलले. रविवारच्या फोनवर मी किती खोटं बोलते ते बोलले. घसा बसला तरी बोलत राहिले, मग नुसती रडत राहिले. खरं सांगते, मरणाची भीती तेव्हा वाटली नाही. दोन दिवस कुणाला आपण दिसलो नाही हे कळणारसुद्धा नाही, याची मात्र वाटली.

"हलू नगा. आजाबात हलू नगा," असा आवाज आला तेव्हा सावल्या लांबायला लागल्या होत्या. माझ्याच वयाची, उन्हाने रापलेली बाई, हातात विळा, कमरेला दोरी गुंडाळलेली. ती माझ्याजवळ उकिडवी बसली, पण तिने मला उठवायचा प्रयत्न केला नाही. आधी पायाकडे पाहिलं. माझं लुगडं सरकलं होतं, जुना वण उघडा पडला होता. त्यावर तिने बोट टेकवलं.

"खुबा बदललाय न्हवं ह्यो?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तळेगावला हाडाच्या दवाखान्यात एकोनीस वरीस आया व्हते मी. असं वळल्यालं पाऊल लय बगितलंय."

तिचं नाव विमल. तिने खाचराच्या पलीकडून दोघा गड्यांना हाका मारून आणलं. त्यांतला एक भला माणूस, माझा त्रास बघवेना म्हणून म्हणाला, "जरा वडून सरळ करू, म्हंजी ठणका कमी व्हईल." दुसरा म्हणाला, जवळच्या वाडीत हाडवैद्य आहे, चांगलं बसवतो. विमल दोघांच्या मध्ये उभी राहिली. "हात लावायचा न्हाई. आत लोखंडाचा दांडा हाय, त्याच्या भवती हाड फुटलंय. वडलं तर आनखी चिरत जाईल." मग तिने गोणपाटात पेंढा भरून तो माझ्या दोन्ही गुडघ्यांमध्ये ठेवला, आणि स्वतःच्या डोक्यावरचा पंचा फाडून दोन्ही पाय आहेत तसे एकत्र बांधले. बाज आणवली. मला एकसंध उचलून बाजेवर घेतलं तेव्हा माझं डोकं तिच्या दंडावर होतं. पाणी मागितलं तर तिने पाजलं नाही, ओल्या बोटाने ओठ तेवढे पुसले. "आपरेशन लागंल, पोटात काय नको," म्हणाली. तिथे दुसरं कुणीही येऊ शकलं असतं, पण ते ओढणारं किंवा पाणी पाजणारं असतं. आली ती ही.

बाज रस्त्यापर्यंत नेऊन तिथून बोलावलेल्या रुग्णवाहिकेत ती माझ्यासोबत बसली. वाटेत म्हणाली, "आज मी हितं नव्हतेच खरं. लेकीकडं कान्ह्याला निघालते. ठेसनावर गेले तर ब्लॉक, गाडीच न्हाई. म्हनलं, घरी बसून काय करू, गुरांना पेंढा तरी आनू." मी डोळे मिटून ऐकत होते. ब्लॉक असला की एकतीस वर्षं मी त्या खिडकीत लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

दवाखान्यात एक्स-रे काढले, आणखी एक मोठा फोटो काढला. डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी पडद्यावर दाखवत समजावलं. कृत्रिम खुब्याचा दांडा मांडीच्या हाडात आत बसवलेला असतो. त्याच्याच भोवती हाड तिरकं चिरत गेलं होतं. दांडा अजून हाडात घट्ट असेल तर बाहेरून पट्टी आणि तारा लावून हाड जोडता येतं. दांडा आधीपासूनच सैल झाला असेल तर पट्टी टिकत नाही. मग तो काढून मोडलेल्या जागेच्या पुढे जाईल असा लांब दांडा बसवावा लागतो. ते ऑपरेशन मोठं, आणि त्याचं सामान मागवावं लागतं. "फोटोवरून घट्टच वाटतोय, पण खात्री देता येत नाही," ते म्हणाले. "म्हणून नीट आठवून सांगा. पडायच्या आधी मांडी दुखत होती का? उठताना, पहिली पावलं टाकताना?"

"नाही," मी म्हटलं.

असं का म्हटलं, ते पुढे अनेक दिवस स्वतःला विचारत राहिले. मोडलेल्या पायाने पलंगावर पडलेली असताना काय लपवायचं उरलं होतं? पण आठ महिने तो एकच शब्द जिभेवर घोळवला होता. विचारणाऱ्याकडे न बघता तो आपोआप बाहेर पडला.

मग फॉर्म आला. माझी सही झाली. खाली जवळच्या नातेवाइकाची सही हवी होती. पुतण्याचा फोन लागत नव्हता. तो कामासाठी परदेशात होता हे मला नंतर कळलं. सिस्टर पेन धरून उभ्या. "कुणी आहे का तुमचं?" त्यांनी साधेपणाने विचारलं. त्यांचा काही दोष नव्हता, पण तो प्रश्न मला मोडलेल्या हाडापेक्षा जास्त दुखला. मी भिंतीकडे पाहिलं. विमल दाराशी उभी होती, परत निघायच्या बेतात. ती आत आली, पेन घेतलं आणि एकेक अक्षर दाबत सही केली. नात्याच्या रकान्यापाशी थोडी थांबली. मग 'बहीण' असं लिहिलं, माझ्याकडे न बघता पिशवी उचलली आणि गेली.

रक्त पातळ करायची गोळी मला सुरू होती. तिचा परिणाम उतरेपर्यंत दोन-तीन दिवस थांबणं भाग होतं. पाय वजन लावून बांधलेला. त्या दिवसांतला सगळ्यात अवघड वेळ म्हणजे दुपारी भेटीची घंटा व्हायची तो. सहा पलंगांची खोली माणसांनी भरायची. डबे उघडायचे, कुणी कुणाच्या केसांत तेल घालायचं, कुणी नुसतं पायाशी बसून राहायचं. मी झोपेचं सोंग घ्यायची. पहिल्या दिवशी शेजारच्या बाईंच्या सुनेने वाटीतून खीर पुढे केली. मी "नको, नको" म्हटलं. खरं तर मला ती फार हवी होती.

दुसऱ्या दिवशी घंटेनंतर विमल आली. ती येईल असं मला अजिबात वाटलं नव्हतं. फडक्यात बाजरीची भाकरी आणि पिठलं होतं. आल्या आल्या तिने कोमट पाणी मागवलं, माझी पाठ पुसली, पलंगावरची घडी सरळ केली, केस विंचरले. मी संकोचाने आक्रसून गेले होते. यांच्याशिवाय मला असा कुणी हात लावला नव्हता. आणखीही एक गोष्ट होती, ती लिहिलीच पाहिजे. बोलण्यात ती म्हणाली, "आमी बौद्ध. त्या तुमच्या देवीकडं मी कधी गेले न्हाई." माझ्या माहेरी तिच्या आईच्या वयाच्या बायकांना पाणी वरून ओतलं जाई. ते मी लहानपणी पाहिलं होतं, आणि त्याबद्दल मोठेपणीही कधी काही बोलले नव्हते. आज तिचे ओले हात माझ्या पाठीवर होते.

वेणी घालता घालता तिने खालच्या आवाजात विचारलं, "बाई, डाक्टरला तुमी न्हाई का म्हनला?"

"कशाबद्दल?"

"मांडीचं. मी त्या दिशी दारातच व्हते. तुमी न्हाई म्हनला. पर तुमी बांधावर वरडत व्हता, 'आठ महिने दुखतंय, कुणाला सांगितलं नाही, आणि आज मोडलंस.' म्या तुमचा आवाज ऐकूनच आले. न्हाईतर मी वरल्या अंगाच्या वाटनं जानार व्हते. तुमी देवीशी भांडत व्हता."

ती पुढे म्हणाली, "वार्डात मी लय बगितलं. मानूस लाजंनं खरं सांगत न्हाई, डाक्टर पट्टी लावतो, आन दोन म्हैन्यांनी पट्टी निसटून परत त्याच पलंगावर. सांगा त्यास्नी. कशाला लपवता?"

ती वेणी बांधून झाली तरी मी तशीच पडून होते. चार वर्षं मला वाटत होतं की आपलं कुणी ऐकत नाही. आणि ज्या दिवशी ओरडून बोलले, त्या दिवशी शब्दन् शब्द ऐकला गेला होता. ज्या बाईने तो ऐकला तिला त्याचा अर्थही कळत होता, आणि तो कुठे पोचवायचा हेही. यावर मी वाद घालणार नाही. जसं घडलं तसं सांगते आहे.

संध्याकाळी डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी सगळं सांगितलं. आठ महिने, पहिली पावलं, खोटं बोलले तेही. ते रागावले नाहीत. पुन्हा फोटो मागवले, बराच वेळ पाहिले, पुण्याला फोन केला. लांब दांडा यायला एक दिवस जास्त लागला. ऑपरेशनला मला कमरेत भूल दिली होती, त्यामुळे पडद्याआडून ठोकल्याचे आवाज ऐकू येत होते. आयुष्यात देवाशी बोलताना मी नेहमी काहीतरी मागितलं होतं. त्या टेबलावर मागण्यासारखं काही सुचलं नाही. "तुझ्यावर सोडलं," एवढंच मनात म्हटलं, आणि आश्चर्य म्हणजे खरंच सोडलं गेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "जुना दांडा पूर्ण सैल झाला होता, हाताने ओढला तरी निघाला. आत गेल्यावर मी तपासलं असतंच, पण तुम्ही सांगितलं नसतंत तर लांब दांडा त्या वेळी हाताशी नसता."

पुतण्या आला, आठवडाभर राहिला, रडलाही. त्याला मी सगळं खरं सांगितलं. घर सोडायला लावणार नाही, पण फोनवर 'मजेत' हा शब्द चालणार नाही, अशी त्याने अट घातली. मला घरी आणलं. मोडलेल्या पायावर भार टाकायचा नव्हता. वॉकर, डाव्या पायावर उड्या, दिवसा कामाला येणारी एक बाई. विमल आठवड्यातून एकदा औंढ्याहून येई. एकदा मी तिला म्हटलं, "तुला देवीनेच पाठवलं, विमल." ती हसली. "मला कुनी धाडलं न्हाई. मी पेंढ्याला गेलते." मी पुन्हा तो विषय काढला नाही. तिचं म्हणणं तिच्यापाशी खरं, माझं माझ्यापाशी. त्या संध्याकाळी मी देवघराचा पडदा सारला आणि दोन हात जोडले. विमलसाठी जोडले.

तिसऱ्या महिन्यात विमल लेकीच्या बाळंतपणासाठी कान्ह्याला गेली. त्याच सुमारास फोटोत हाड जुळलेलं दिसलं आणि डॉक्टरांनी पायावर हळूहळू पूर्ण भार टाकायला सांगितलं. मी घरी आले आणि मला ते जमेना. भीती वाटे. बुधवारची दुपार होती, गल्ली नेहमीसारखी बंद, कामाची बाई निघून गेलेली. अर्धा तास मी वॉकर धरून पलंगाच्या कडेला बसून राहिले. शरणागती म्हणजे डोळे मिटून देवाच्या पायावर डोकं ठेवणं, असं मी जन्मभर समजत होते. बांधावर, त्या पलंगावर, त्या टेबलावर मला दुसरंच काही शिकवलं गेलं होतं. देवाचे हात माणसांच्या हातांनीच येत असतील, तर माणसांना 'नको' म्हणत राहून देवाला 'ये' म्हणता येत नाही. हे कळायला माझं हाड मोडावं लागलं, याबद्दल आता माझी तक्रार नाही. ज्याने किंवा जिने ते मोडल्यावर माझा आवाज ऐकला, त्याचे किंवा तिचे उपकार मी विसरणार नाही.

भिंतीपलीकडे एका बंगल्याची राखण करणारं कुटुंब राहतं. अकरा वर्षांत मी त्या बाईंना नुसती मान हलवली होती, नावही विचारलं नव्हतं. खिडकीतून हाक मारली. "अहो, जरा येता का? मी उभी राहतेय, भीती वाटते." त्या धावत आल्या, हाताला कणीक तशीच. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "धरू का?"

'नको' जिभेवर आलंच होतं. मी म्हटलं, "धरा."